शिसंही तसंच वाजतं

इब्रीच्या बाजारात, पंपाचे सुटे भाग आणि मधाच्या बाटल्या
यांच्या मधल्या दुकानात मी सोनं शोधायची यंत्रं विकतो.
सोनं विकत नाही. हे आधीच सांगतो,
कारण विट्याचे लोक फोनवर तेच विचारतात.

आज खलफान बिन सैफ आले.
सत्तरीपुढचे, हातात काठी, दाढीला मेंदी.
दोन यंत्रं त्यांनी टेबलावर आडवी घातली,
बकरीचे दात बघावेत तशा
तबकड्या उलट्या करून पाहिल्या.
"यातलं खरं बोलणारं कुठलं?"

मी म्हटलं, बाबा,
हे हलकं, स्वस्त. लोखंड आलं की तोंड फिरवतं.
खिळे, पत्रे, डबे वगळून वेचक तेवढं सांगतं.
पण तुमच्याकडची काळी खडी तापट,
लोह मुरलेलं तिच्यात, वर मिठाचा पापुद्रा;
तिथं हे बरळतं, दगडालाच सोनं म्हणतं.
आणि गव्हाएवढा कण असला
तर त्याला खिळा समजून पुढं जातं.

हे दुसरं जड. किंमत तिप्पट.
जमिनीची कुरकुर कानाआड करतं, खोलवर ऐकतं,
पण निवड करत नाही.
बाटलीचं बूच असो की सोनं, सगळ्यांसाठी हाक देतं.
दिवसभर खणावं लागेल.

ते हसले.
"म्हणजे एक शहाणं आणि एक कष्टाळू."

माझा बाप झारेकरी.
पेठेतल्या गटारांचा गाळ, सोनारांच्या दुकानातली झाडलोट,
बैठकीखालच्या जुन्या चटईची राख
घमेल्यात घेऊन ओढ्याला बसायचा.
आधी सगळं धुवावं, म्हणायचा,
कचरा कोण ते पाणी ठरवेल.
हे मी खलफानना सांगितलं नाही.
अरबी तेवढी येत नाही, आणि मालक ऐकत होता.

दुपार कलल्यावर यंकुलच्या अलीकडे
वाडीत उतरलो. इथं वाडी म्हणजे वस्ती नव्हे,
कोरडी नदी.
जड यंत्र मी चालू केलं. किंचाळलं.
दोन पावलं टाकली, पुन्हा किंचाळलं.
कुदळ उचलली तर खलफान म्हणाले,
"तुझे बूट."
जुन्या कंपनीचे बूट, बोटांवर पोलादी वाटी.
तीन वर्षं मी गिऱ्हाइकांना
स्वतःचेच पाय ऐकवत होतो की काय.

अनवाणी झालो. खडी पोळत होती.
मग हेडफोनमध्ये ती बारीक गुणगुण,
बंद खोलीत माशी असावी तशी.
हिला कान द्या, मी म्हटलं.
सोनं ओरडत नाही. ही जराशी वाकते, एवढंच.

यंत्र घेऊन ते चालू लागले,
फलजचं पाणी कुणाच्या वाट्याला किती वेळ
हे बघत फिरणाऱ्या माणसासारखे, सावकाश.
अर्ध्या तासानं थांबले. बसले. हातानंच उकरलं.
वीतभर खाली बंदुकीची गोळी,
जुनी, चेपलेली.

मी माफी मागायच्या बेतात.
शिसं आणि सोनं यंत्राला सारखंच वाजतं,
त्यावर मला तरी उपाय माहीत नाही.
त्यांनी ती तळहातावर तोलली.
"माझ्या काकाची असणार. त्याचा नेम असाच होता."
मग म्हणाले, "हेच दे."

बाप राखेत शिसं घालायचा.
भट्टीत ते विखुरलेलं सोनं पोटात गोळा करायचं
आणि नंतर आपण जिरून जायचं;
खाली उरायचा तो चमकता मणी,
ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान.
त्यावर आमचा महिना निघायचा, कधी अर्धा.

पावती पिकअपच्या बॉनेटवर लिहिली.
यंत्र एक, तबकड्या दोन, हमी दोन वर्षं.
"कशाची?"
यंत्राची, मी म्हटलं. जमिनीची नाही.

त्यांनी गोळी खिशात घातली,
खड्डा पायानं बुजवला.
मी बुटाची नाडी सोडवायला बसलो
तर म्हणाले, "थांब, घालू नकोस.
अजून ऊन आहे."